फोन घेताना त्याची अखेरची तारीखही विचारा

मोबाइलच्या दुकानात काउंटरपाशी अर्धा तास उभे राहिले की ग्राहकांचे प्रश्न पाठ होतात. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? रॅम किती? बॅटरी दिवसभर पुरेल ना? चार्जर खोक्यात मिळतो की वेगळा घ्यावा लागतो? जुना फोन दिला तर किती सुटतील? आणि शेवटी, 'अजून काही कमी होईल का?' पाव घेताना वेष्टनावरची तारीख पाहणारा, औषधाच्या पट्टीवरील बारीक अक्षरे डोळ्यांजवळ नेऊन वाचणारा आपला चोखंदळ ग्राहक वीस-पंचवीस हजारांचा फोन घेताना मात्र त्याची मुदत विचारत नाही. कोणी विचारलीच, तर विक्रेता एक वर्षाच्या वॉरंटीकडे बोट दाखवतो. ही मुदत निराळी. निर्माती कंपनी त्या मॉडेलला सॉफ्टवेअरचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत देणार, यावर ती ठरते आणि बहुतेक खोक्यांवर ती छापलेली नसते.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी हा धडा थोडा महागात शिकून झाला आहे. २०२१ च्या दिवाळीत मोठ्या सवलतीत मिळाला म्हणून वडिलांसाठी एक फोन घेतला. पडदा मोठा, बॅटरी दणकट, किंमत मूळ किमतीच्या जवळपास दोन तृतीयांश. ते मॉडेल बाजारात येऊन दोन वर्षे उलटली होती, याकडे लक्ष गेले नाही. गेले असते तरी त्याचा अर्थ तेव्हा उमगला नसता. कंपनीने त्या फोनला अखेरचे सुरक्षा अपडेट दिले ते पुढच्याच उन्हाळ्यात. त्यानंतरही दोन वर्षे फोन ठणठणीत चालला. मग एके दिवशी बँकेच्या अ‍ॅपने, या कार्यप्रणालीवर यापुढे सेवा देता येणार नाही, असा संदेश झळकवला. निवृत्तिवेतन जमा झाले की नाही हे पाहण्यासाठी वडील पुन्हा पासबुक घेऊन शाखेच्या रांगेत उभे राहू लागले. फोन दुरुस्तीला नेला, तेव्हा दुकानातील मुलाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ''काका, फोन एकदम चांगला आहे. नवा घ्यावा लागेल.''

अपडेट म्हणजे नेमके काय?

'अपडेट' या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी दडल्या आहेत आणि जाहिरातीत त्यांची सरमिसळ केली जाते. पहिली, कार्यप्रणालीची नवी आवृत्ती. अँड्रॉइड १४ वरून १५, आयओएस १७ वरून १८, असे त्याचे स्वरूप असते. नवी रूपरेषा, नव्या सोयी, क्वचित नव्या तक्रारीही त्यातून येतात. दुसरी, सुरक्षा अपडेट. त्याने फोन दिसायला तसूभरही बदलत नाही. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भगदाडे तेवढी बुजवली जातात. ग्राहकाला पहिलीचे आकर्षण असते, पण दुसरीवाचून त्याचे अधिक अडते.

सुरक्षा अपडेट नियमितपणे देण्याची रीत फार जुनी नाही. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये विक्रीस आला आणि पुढची काही वर्षे अपडेट म्हणजे कंपनीच्या मर्जीचा भाग होता. जुलै २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाने ओळखली गेलेली त्रुटी उजेडात आली. अँड्रॉइडमधील चित्रफीत हाताळणाऱ्या भागात ती होती, आणि केवळ फोन क्रमांक ठाऊक असल्यास एमएमएस संदेश धाडून तिचा गैरवापर करता येईल, असे ती शोधणाऱ्या 'झिम्पेरियम' या संस्थेने दाखवून दिले. सुमारे ९५ कोटी फोन तिच्या कक्षेत येतात, असा तेव्हाचा अंदाज होता. गुगलने दुरुस्ती तयार केली. पण ती त्या कोट्यवधी फोनपर्यंत पोहोचवायची कशी, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. त्यानंतर, ऑगस्ट २०१५ मध्ये, गुगलने आपल्या 'नेक्सस' फोनना दरमहा सुरक्षा अपडेट देण्याचे जाहीर केले. सॅमसंगनेही त्याच सुमारास तशी घोषणा केली. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा पॅच'ची तारीख दिसू लागली तीही त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड ६ पासून.

या व्यवस्थेला एक विचित्र किनार आहे. दुरुस्त केलेल्या त्रुटींची यादी गुगल जाहीरपणे प्रसिद्ध करते. ज्यांना दुरुस्ती मिळाली त्यांच्या दृष्टीने तो विषय तिथे संपतो. ज्यांच्या फोनला अपडेट येणे बंद झाले आहे, त्यांच्या घराला कोणती खिडकी उघडी आहे, याची मात्र ती छापील यादीच ठरते. फोन जसजसा जुना होतो, तसतशी ही यादी लांबत जाते.

साखळी कुठे तुटते?

कंपन्या अपडेट का थांबवतात, याचे 'नवे फोन खपवण्यासाठी' हे लोकप्रिय उत्तर अर्धेच खरे आहे. अँड्रॉइडच्या जगात अपडेटला अनेक हातांतून प्रवास करावा लागतो. गुगल मूळ सॉफ्टवेअर तयार करते. क्वालकॉम, मीडियाटेक यांसारखे चिप बनवणारे ते आपल्या चिपशी जुळवून देतात. मग हँडसेट कंपनी त्यावर स्वतःचे रंगरूप चढवते, प्रत्येक मॉडेलवर चाचण्या घेते आणि तेव्हा कुठे ते ग्राहकाकडे येते. यातील एकाने जरी हात वर केले तरी साखळी तुटते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे 'गॅलक्सी नेक्सस'. गुगलचे नाव मिरवणारा हा फोन २०११ च्या अखेरीस आला. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची चिप होती. २०१२ मध्ये त्या कंपनीने स्मार्टफोनच्या चिपच्या व्यवसायातून अंग काढून घेतले. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ आले तेव्हा, हा फोन अठरा महिन्यांच्या मुदतीबाहेर गेला आहे, असे सांगून गुगलने आपल्याच फोनला ते नाकारले. दोन वर्षांचाही न झालेला, उत्तम चालणारा फोन असा मागे पडला.

भारतीय बाजारात या दुखण्यावर इलाज करण्याचा एक प्रयत्न झाला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये गुगलने 'अँड्रॉइड वन' ही योजना प्रथम भारतातच सादर केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्यांचे फोन ६,३९९ रुपयांपासून मिळू लागले आणि स्वस्त फोनलाही दोन वर्षे वेळेवर अपडेट मिळतील, अशी हमी देण्यात आली. कल्पना चांगली होती. तथापि त्या किमतीत ग्राहकाला मोठा पडदा आणि जास्त मेगापिक्सेल हवे होते; अपडेटची हमी दुकानाच्या काचेत मांडून दाखवता येत नाही. योजना पुढे मागे पडत गेली. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या 'प्रोजेक्ट ट्रेबल'ने मात्र पायाभूत काम केले. चिपशी निगडित भाग आणि उर्वरित अँड्रॉइड यांची रचना त्याने वेगळी केली. त्यामुळे नवी आवृत्ती आणताना सारे घर नव्याने बांधण्याची गरज उरली नाही.

अ‍ॅपलची गोष्ट निराळी. चिपची रचना, कार्यप्रणाली आणि फोन हे सारे एकाच छपराखाली असल्याने तिथे साखळी आखूड आहे. सप्टेंबर २०१३ मधील 'आयफोन ५एस'ला नवी आवृत्ती मिळणे आयओएस १२ वर थांबले. सुरक्षा दुरुस्ती मात्र जानेवारी २०२३ मध्येही आली. वर सांगितलेल्या दोन प्रकारच्या अपडेटमधील फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार? आणि तरीही मे २०२५ पासून आयओएस १५.१ हून जुन्या आवृत्तीवर व्हॉट्सअ‍ॅप चालेनासे झाले, तेव्हा तो फोनही त्यातून सुटला नाही. अँड्रॉइडच्या बाजूला, १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या आधीच्या आवृत्त्यांची व्हॉट्सअ‍ॅपने साथ सोडली.

सात वर्षांचा वायदा

गेल्या काही वर्षांत वारे पालटले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने 'पिक्सेल ८' साठी सात वर्षांच्या अपडेटचा वायदा केला. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने 'गॅलक्सी एस २४' साठी तेच जाहीर केले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात 'गॅलक्सी ए १६' या वीस हजारांच्या आसपासच्या फोनला सहा वर्षांची हमी मिळाली. ही घटना अधिक महत्त्वाची, कारण आपल्याकडील बहुसंख्य ग्राहक याच किमतीच्या आसपास घुटमळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉमनेही आपल्या 'स्नॅपड्रॅगन ८ एलिट' चिपपासून आठ वर्षांपर्यंत साथ देण्याची तयारी दाखवली. म्हणजे, साखळीतील ज्या कडीने गॅलक्सी नेक्ससला दगा दिला, ती आता बळकट होऊ लागली आहे.

वायदा वाचताना मात्र डोळ्यांत तेल घालावे लागते. सर्वांत मोठी मेख ही की, ही वर्षे आपण फोन विकत घेतला त्या दिवसापासून मोजली जात नाहीत. ते मॉडेल बाजारात आले तेव्हापासून मोजली जातात. सणासुदीच्या सेलमध्ये ज्या फोनवर घसघशीत सूट असते, तो बहुधा वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा असतो आणि तेवढी वर्षे कंपनीच्या खात्यात आधीच जमा झालेली असतात. दुसरे असे की, 'चार आवृत्त्या आणि पाच वर्षे सुरक्षा' अशा वाक्यातील दोन्ही आकडे स्वतंत्र असतात; जाहिरातीत मोठा असेल तोच ठळक छापला जातो. तिसरी बाब वारंवारतेची. सॅमसंगसारखी कंपनी आपल्या मॉडेलांच्या याद्या जाहीर करते. काहींना दरमहा, काहींना तिमाहीला, तर जुन्यांना वर्षातून दोनदा अपडेट मिळते. 'अपडेट मिळते' हे तिन्हींबाबत खरे, पण तिन्हींचा अर्थ सारखा नाही.

यावरून एक साधा हिशेब मांडता येतो. समजा, २० हजार रुपयांचा एक फोन आहे. त्याची सुरक्षा अपडेटची दीड वर्षे उरली आहेत. शेजारी २५ हजारांचा नुकताच आलेला फोन आहे. त्याला पाच वर्षे आहेत. पहिला सुरक्षित वापराच्या दर वर्षाला १३ हजारांहून अधिक रुपयांना पडतो, दुसरा पाच हजारांना. स्वस्त कोणता, हे किमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाही. अर्थात हा हिशेब फोन मुदत संपेपर्यंत वापरणाऱ्यासाठी आहे. दर दोन वर्षांनी हौसेने फोन बदलणाऱ्याला सात वर्षांच्या वायद्याचा उपयोग जुना फोन विकताना चार पैसे जास्त मिळण्यापुरताच. आपण या दोहोंपैकी कोण, हे प्रामाणिकपणे ठरवावे. आपण समजतो त्यापेक्षा अधिक काळ फोन वापरतो, असा निदान आमच्या कार्यालयातील अनुभव आहे.

हार्डवेअर दुबळे असेल तर?

एवढे वाचून कोणी केवळ अपडेटची वर्षे मोजून फोन घेतला, तर तोही फसेल. सॉफ्टवेअर नंतर बदलता येते. फोनमधील रॅम आणि चिप जन्मभराची असते. सप्टेंबर २०२३ मध्ये 'आयफोन १५' आणि 'आयफोन १५ प्रो' एकाच दिवशी सादर झाले. वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, 'अ‍ॅपल इंटेलिजन्स' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची सुविधा आली ती फक्त प्रो मॉडेलांना. साध्या आयफोन १५ ला आयओएसची तीच आवृत्ती मिळाली, पण तिच्यातील ही सुविधा मिळाली नाही. प्रो मध्ये ८ जीबी रॅम होती, साध्यात ६ जीबी. चिपही एक पिढी मागची. अपडेट येणे आणि त्यातील सारे मिळणे, यांत असे अंतर राहते.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच देशातले आहे. भारतात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. त्याआधी दोन वर्षे '५जी' म्हणून विकले गेलेले अनेक फोन त्या दिवशीही ४जीच राहिले, कारण येथील जाळ्यांवर चालण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर त्यांच्यात नव्हते. २०२० मधील आयफोन १२ वापरणाऱ्यांना ते डिसेंबर २०२२ मध्ये, आयओएस १६.२ बरोबर मिळाले. खिशात यंत्र होते, पैसेही मोजून झाले होते. अपडेट येईपर्यंत त्याचा उपयोग शून्य. भविष्यात कामास येईल म्हणून एखादी सुविधा विकत घेणाऱ्याने ती जागी करणारे अपडेटही त्या भविष्यापर्यंत मिळणार आहे का, हे पाहिलेले बरे.

दीर्घकाळ फोन वापरायचा तर हार्डवेअरमध्ये काय पाहावे? मेगापिक्सेल नव्हेच. १०८ मेगापिक्सेलचे सेन्सर असलेले फोन एरवी नऊ-नऊ बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतात. स्वस्त फोनच्या पाठीवरील दोन मेगापिक्सेलचे जास्तीचे कॅमेरे तर कुंकवाच्या टिळ्याइतकेच कामाचे, शोभेपुरते. त्याऐवजी अंतर्गत साठवण पाहावी. नवी आवृत्ती स्थापित होण्यासाठी मोकळी जागा लागते आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरील 'शुभ सकाळ'च्या चित्रांनी ६४ जीबीचा फोन केव्हा गळ्याशी येतो, ते कळतही नाही. १२८ जीबीच्या खाली आता जाऊ नये, आणि पाच वर्षे काढायची असतील तर ८ जीबी रॅमच्याही खाली नको.

खरे मर्म बॅटरीचे. ती झिजते, आणि कितीही अपडेट आले तरी झिजतेच. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी, तर आयफोन १५ च्या मॉडेलांची १,००० नंतर, असे अ‍ॅपल सांगते. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० चा आकडा दीड वर्षातच गाठला जातो. म्हणजे सात वर्षांचा वायदा असलेल्या फोनची बॅटरी एकदा तरी, बहुधा दोनदा, बदलावी लागणार. फोन घेण्यापूर्वीच त्या मॉडेलच्या बॅटरीची आणि पडद्याची अधिकृत किंमत व आपल्या शहरातील सेवा केंद्राचा पत्ता विचारून घ्यावा. विक्रेत्याला हा प्रश्न अपशकुनी वाटतो, पण विचारावा.

बॅटरी आणि अपडेट यांची गाठ किती घट्ट असते, हे डिसेंबर २०१७ मध्ये जगाने पाहिले. झिजलेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून एका अपडेटद्वारे त्यांचा वेग कमी केल्याची कबुली अ‍ॅपलला द्यावी लागली. वेग कमी झाला, हे ग्राहकांना जाणवत होते. कारण कोणी सांगितले नव्हते. कंपनीने क्षमा मागून बॅटरी बदलण्याचा दर उतरवला, भारतात तो साडेसहा हजारांवरून दोन हजारांवर आला. नवी बॅटरी घातल्यावर तेच जुने फोन पुन्हा पूर्ववत धावू लागले. अपडेट हे नेहमीच वरदान नसते, याची ही नोंद. मोठी नवी आवृत्ती आली की पहिल्याच रात्री स्थापित न करता आठ-दहा दिवस थांबणे शहाणपणाचे. सुरक्षा अपडेट मात्र लांबवू नये.

कायदा काय म्हणतो?

नेदरलँड्समधील एका ग्राहक संघटनेने सॅमसंगला अपडेटच्या प्रश्नावर न्यायालयात खेचले होते. २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने तिची मागणी फेटाळली. त्यानंतर विधिमंडळांनी हा विषय हाती घेतला. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपनीने सुरक्षा अपडेटची किमान मुदत जाहीर करणे बंधनकारक झाले. वर्षे किती, हे कायदा सांगत नाही. पण लपवता येत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षे कार्यप्रणालीचे अपडेट विनामूल्य उपलब्ध ठेवावेत, सुटे भाग सात वर्षे मिळावेत आणि बॅटरीने ८०० चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखावी, असे ते नियम आहेत. इथे मोजणी मॉडेल बाजारात आल्यापासून होत नाही, विक्री थांबल्यापासून होते. वर सांगितलेली मेख नेमकी इथेच निघते.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल व इतर उपकरणांसाठी दुरुस्ती निर्देशांकाची रूपरेषा सुचवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. गुण देताना सॉफ्टवेअर अपडेटचाही विचार व्हावा, असे त्यात म्हटले आहे. सुटे भाग आणि अपडेट यांना एकाच तराजूत घालण्याचा हा विचार योग्य दिशेचा आहे. तो खोक्यावर छापून येईपर्यंत ग्राहकाला स्वतःच चौकशी करणे भाग आहे.

ती फारशी अवघड नाही. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर मॉडेलचे नाव घालून दोन तारखा शोधाव्यात. ते केव्हा सादर झाले आणि सुरक्षा अपडेट केव्हापर्यंत मिळणार? दुसरी तारीख सापडतच नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे. जुना किंवा 'रिफर्बिश्ड' फोन घेताना तर ही चौकशी दुप्पट निगुतीने करावी. हातातील फोनची सुरक्षा पॅचची तारीख सेटिंग्जमध्ये, 'फोनविषयी' या भागात किंवा सुरक्षेच्या भागात दिसते. ती वर्षभराहून जुनी असेल आणि नवे काही येत नसेल, तर त्या फोनची मुदत बहुधा संपली आहे.

मुदत संपली म्हणून फोन त्याच दिवशी फेकून द्यावा, असे नाही. अँड्रॉइड १० पासून कार्यप्रणालीचे काही भाग गुगल 'प्ले स्टोअर'मार्फत परस्पर दुरुस्त करते आणि अ‍ॅपचे अपडेटही काही काळ येत राहतात. चिपच्या आणि गाभ्याच्या पातळीवरील भगदाडे मात्र तशीच राहतात. तेव्हा अशा फोनवरून बँकेचे आणि यूपीआयचे अ‍ॅप काढून टाकावे, अनोळखी दुव्यांपासून व प्ले स्टोअरबाहेरील अ‍ॅपपासून दूर राहावे आणि ज्या सिमवर बँकेचे ओटीपी येतात ते दुसऱ्या फोनमध्ये घालावे.

वडिलांचा नवा फोन घेताना त्यांनीच दुकानदाराला विचारले, ''हा बाजारात कधी आला?'' त्याला सांगता आले नाही. त्याने आत जाऊन मालकाला बोलावले. जुना फोन स्वयंपाकघरात, फ्रिजवर ठेवला आहे. त्यात सिम नाही. सकाळी त्यावर नाट्यसंगीत लागते.